चेंडू कुणाच्या हातून आला?

रायपूरच्या कुठल्याही शाळेत मुलींना सॉफ्टबॉल शिकवायला उभं राहा, एक नियम त्या घरूनच पाठ करून आलेल्या असतात. चेंडू अंगाला लागला की गडी बाद. ‘लाग गे त आउट, मॅडम!’ असं छत्तीसगढीत ठणकावून सांगतात. गल्लीत, मधल्या सुट्टीत, आजोळच्या अंगणात पिट्ठुल खेळता खेळता हा नियम त्यांच्यात मुरलेला असतो. अडचण अशी, की सॉफ्टबॉलमध्ये आणि बेसबॉलमध्ये तो निम्माच लागू पडतो. बॅटवरून सुटलेला चेंडू धावणाऱ्या मुलीला लागला, तर ती बाद. पण क्षेत्ररक्षण करणाऱ्या मुलीने बेसकडे फेकलेला चेंडू तिच्या पाठीत बसला, तर ती बाद नाही. तिने पळत राहायचं.

चेंडू तोच, पाठही तीच, आणि निकाल मात्र उलटा. मी या शहरात शारीरिक शिक्षणाची शिक्षिका होते. हे ‘उलटं का’ समजावण्यात नोकरीचा बराच काळ गेला, आणि त्यापायी या नियमाचा इतिहास मिळेल तिथून वाचत गेले. तो अमेरिकेत सुरू झाला असं पुस्तकं सांगतात. पण तिथल्या माणसांनी ज्या खेळातून सुरुवात केली, तो आमच्या मोहल्ल्यात आजही संध्याकाळी रंगतो.

आधी पिट्ठुलच सांगते. सात चपट्या खापऱ्या किंवा फरशीचे तुकडे एकावर एक रचायचे. एका बाजूने चेंडू मारून ती उतरंड पाडायची आणि पुन्हा रचायला धावायचं. दुसऱ्या बाजूने तोच चेंडू उचलून रचणाऱ्याला टिपायचं. महाराष्ट्रात ही लगोरी, माझ्या आईच्या तोंडी लिंगोरचा, रायपुरात पिट्ठुल. आमच्या लहानपणी चेंडू घरीच व्हायचा. जुन्या लुगड्याच्या चिंध्या घट्ट गुंडाळायच्या, वरून सुतळी, आणि कुणाच्या घरी सायकलची फाटकी ट्यूब असली तर तिच्या कापलेल्या रिंगा त्यावर चढवायच्या. रिंगांचा चेंडू उसळायचा छान, पण पाठीत बसला की वळ उठायचा. म्हणून आमच्या वाड्यात ठरलेलं होतं: लिंबूटिंबू खेळात असेल तर रिंगा काढायच्या, आणि कुणालाही डोक्यावर मारायचं नाही. हे नियम कुणी लिहून ठेवले नव्हते. एखादा पोरगा रडत घरी गेला, आणि त्याची आई भांडायला आली, की दुसऱ्या दिवशी नियम झालेला असायचा. जगातले बरेच नियम असेच झाले असावेत, असं मला मनापासून वाटतं, आणि बेसबॉलचा इतिहास वाचल्यावर तर अधिकच.

छत्तीसगढ सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये छत्तीसगढिया ऑलिंपिक सुरू केलं, तेव्हा पहिल्या वर्षीच्या १४ खेळांत पिट्ठुल होतं. त्याच यादीत फुगडी होती आणि लंगडी दौडही. आम्हा मराठी बायकांना ती यादी वाचून भरून आलं. आमच्या मंगळागौरीतली फुगडी इथल्या गावोगावच्या मुलींचीही आहे. मराठी माणूस इथे कालपरवा आलेला नाही. भोसल्यांचा सेनापती भास्करपंत १७४१ मध्ये रतनपूरवर चालून आला. पुढे बिंबाजी भोसल्यांनी तिथूनच छत्तीसगढचा कारभार पाहिला. रायपुरातला तात्यापारा हा आमच्या लोकांचा जुना मोहल्ला. ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे, टिळकांचं ‘गीतारहस्य’ हिंदीत नेणारे माधवराव सप्रे याच शहरात राहिले. महाराष्ट्र मंडळ १९३५ पासून चालू आहे. आणि १९५६ पर्यंत नागपूर हीच आमच्या प्रांताची राजधानी होती, त्यामुळे मास्तर, कारकून, वकील या वाटेने येत राहिले. माझे आजोबा त्यांतलेच एक मास्तर. तेव्हा लगोरी आमच्या बोचक्यातून आली की इथली पिट्ठुल आम्ही उचलली, हा वाद घालण्यात मला रस नाही. दोन्हीकडची मुलं एकत्र खेळली, एवढं मी पाहिलं आहे.

आता अमेरिका. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिथे बेसबॉल एकसारखा नव्हता, प्रांतागणिक वेगळा होता. मॅसॅच्युसेट्समधल्या खेळात बेसच्या जागी जमिनीत खुंट रोवलेले असत. फाउल रेषा नव्हती, चेंडू मागे गेला तरी चाले. धावणाऱ्याला बाद करायची मोठी युक्ती म्हणजे त्याला चेंडू फेकून मारणं. एक गडी बाद झाला की अख्ख्या संघाचा डाव संपे. आमच्या पिट्ठुलमध्ये एकाला लागला की सगळ्यांची पाळी जाते, अगदी तसंच. या खेळाचे नियम १८५८ मध्ये डेडम या गावी लिहून काढले गेले. त्यांत चेंडूचं वजन २ ते पावणेतीन औंस, म्हणजे ५७ ते ७८ ग्रॅम सांगितलं आहे. आजच्या बेसबॉलचं वजन १४२ ते १४९ ग्रॅम असतं, जवळपास दुप्पट. माणसाला मारायचा चेंडू हलका ठेवावाच लागतो. आमच्या वाड्यातल्या रिंगांचा नियम त्यांना कुणी सांगायला गेलं नव्हतं.

न्यू यॉर्कच्या निकरबॉकर क्लबने मात्र २३ सप्टेंबर १८४५ रोजीच दुसरी वाट धरली होती. त्यांच्या लेखी नियमांत स्पष्ट होतं, की चेंडू बेसवरच्या गड्याच्या हातात असेल किंवा हातातल्या चेंडूने रनरला शिवलं तर तो बाद. पण कुठल्याही परिस्थितीत चेंडू त्याच्यावर फेकायचा नाही. पुढच्या काही वर्षांत न्यू यॉर्कची तऱ्हा देशभर पसरली आणि मॅसॅच्युसेट्सची मागे पडली. मला ‘चेंडू त्याच्यावर फेकायचा नाही’ हे एक वाक्य बेसबॉलच्या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाचं वाटतं. अंगावर फेकायचा नाही म्हटल्यावर चेंडू टणक करता आला. टणक चेंडू दूर जाऊ लागला. दूर गेलेला चेंडू बेसवर वेळेत पोचवायचा तर फेक सरळ हवी, झेलणारा बेसवर हवा, त्याच्या मदतीला दुसरा हवा. शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक, आणि सेकंड बेसचं ते देखणं देणंघेणं, एकाच चेंडूवर दोघांना बाद करणारा डबल प्ले, हे सगळं त्या बंदीतून उगवलं. माणसाला टिपायची परवानगी कायम राहिली असती, तर हा खेळ पळापळीचाच राहिला असता.

इथवर मुलींना पटतं. ‘फेकून मारायचं नाही’ यात त्यांना चांगुलपणा दिसतो. पण मग बॅटवरून आलेला चेंडू लागला तर रनर बाद कशी? त्या बिचारीने काय केलं? एक तर चेंडू लागून दुखलं, वर बाद! हा प्रश्न मला दर वर्षी कुणीतरी विचारलाच, आणि प्रश्न रास्त आहे.

हा दुसरा नियम पहिल्यानंतर पस्तीस वर्षांनी आला. नॅशनल लीग ही व्यावसायिक संघांची संघटना १८७६ मध्ये स्थापन झाली होती. १८८० मध्ये तिच्या नियमांत आलं, की टोलवलेला चेंडू रनरला लागला तर रनर बाद. तोवर खेळात पैसा शिरला होता. जमिनीवरून सरपटत येणाऱ्या चेंडूच्या वाटेत रनर उभा राहिला, तर मागे वाकून वाट बघणाऱ्या क्षेत्ररक्षकाच्या हातातला चेंडू जातो. तो बाद करणार होता, एक नव्हे कदाचित दोघांना. ती संधी रनरच्या पायाने हिरावली. जाणूनबुजून की नकळत, हे पंचाने मनात शिरून कसं ठरवायचं? म्हणून नियमाने हेतूचा विचार बाजूला ठेवला. चेंडूची वाट मोकळी ठेवायची जबाबदारी रनरवर टाकली.

म्हणजे लागल्याबद्दल ही शिक्षा नाही. क्षेत्ररक्षकाचं जे गेलं, त्याची ही भरपाई आहे. आणि हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. धावपत्रक तेच सांगतं. असा रनर बाद झाला की गुणलेखक तो बळी चेंडूच्या सर्वांत जवळच्या क्षेत्ररक्षकाच्या नावावर लिहितो. त्याने चेंडूला बोटही लावलेलं नसतं! आणि ज्याने चेंडू टोलवला, त्याला पहिला बेस मिळतो, शिवाय त्याच्या खात्यात हिट जमा होते. चेंडू त्या क्षणी मृत होतो, बाकीच्या रनरना, ज्यांना ढकललं जाणं भाग आहे तेवढे सोडून, पुढे जाता येत नाही. ज्याचं त्याचं ज्याला त्याला. मी वर्गात फळ्यावर धावपत्रक काढून हे दाखवायचे, तेव्हा मुलींचे चेहरे बदलायचे. नियम रागावलेला नाही, तो हिशोब करतो आहे, हे त्यांना दिसायचं.

हिशोब म्हटलं की बारकावे आले. चेंडू इनफिल्डरच्या, म्हणजे बेसजवळच्या क्षेत्ररक्षकाच्या, अगदी पायांमधून निसटून मागे गेला आणि लगेच पाठीमागच्या रनरला लागला, तर रनर बाद नाही; कारण क्षेत्ररक्षकाला त्याची संधी मिळून गेलेली असते. मात्र मागे आणखी कुणी इनफिल्डर तो चेंडू अडवायच्या बेतात असेल तर बाद. क्षेत्ररक्षकाच्या हाताला लागून दिशा बदललेला चेंडू रनरवर आपटला तरीही बाद नाही, फक्त रनरने मुद्दाम आड येता कामा नये. आणि चेंडू फाउल जागेत असताना लागला, तर काहीच नाही, फक्त फाउल.

या शेवटच्या वाक्यावर तिसऱ्या बेसचं सगळं शिक्षण उभं आहे. आमची मैदानं मुरमाची. पाऊस संपला की वर लाल भुकटी आणि खाली दगडासारखी जमीन. त्यावर चेंडू कुठून कसा उसळेल याचा नेम नाही. तिसऱ्या बेसवरून घरी निघणाऱ्या मुलीला मी फक्कीच्या रेषेवर उभं करायचे आणि सांगायचे, डावा पाय बघ, उजवा पाय बघ. दोन्ही रेषेच्या बाहेर, फाउलच्या बाजूला. जाताना बाहेरून जा, बॅटरकडे तोंड करून. चेंडू कॅचरने घेतला आणि परतायचं झालं तर रेषेच्या आतून ये, म्हणजे कॅचरला तिसऱ्या बेसकडे फेकायला तुझं अंग आडवं येईल. जाताना बाहेरून, येताना आतून. चांगल्या मुली एका आठवड्यात हे शिकायच्या. आणि ज्या खरोखर हुशार, त्या विचारायच्या, ‘मॅडम, येताना आतून आलो आणि कॅचरचा चेंडू पाठीत बसला तर?’ तर बाद नाही. तो फेकलेला चेंडू आहे. १८४५ चा नियम तुझ्या पाठीशी आहे. रेषेच्या त्या वीतभर पट्ट्यात निकरबॉकर क्लबचा नियम आणि नॅशनल लीगचा नियम एकमेकांना भेटतात, आणि चौदा वर्षांची मुलगी दोन्ही वापरून घरी येते.

मात्र नियम वापरणारे सगळेच सरळ नसतात. २१ एप्रिल १९५७ चा सामना या विषयात प्रसिद्ध आहे. सिनसिनाटी विरुद्ध मिलवॉकी. सिनसिनाटीचा डॉन होक दुसऱ्या बेसवर, गस बेल पहिल्यावर. वॉली पोस्टने शॉर्टस्टॉपकडे सरळ चेंडू टोलवला. डबल प्ले होणार हे मैदानावर सगळ्यांना दिसत होतं. होक पळता पळता वाकला, चेंडू स्वतःच हातांनी उचलला आणि मिलवॉकीच्या शॉर्टस्टॉपकडे, जॉनी लोगनकडे, अलगद टाकला. नियमाप्रमाणे होक बाद. पण चेंडू मृत झाल्याने पोस्टला पहिला बेस आणि हिट, बेल दुसऱ्यावर. दोन जण जायचे तिथे एकच गेला. १८८० च्या हिशोबाने क्षेत्ररक्षकाला एक बळी भरून दिला होता, पण त्याचे दोन चोरीला गेले होते. काही दिवसांतच दोन्ही मोठ्या व्यावसायिक लीगच्या अध्यक्षांनी नियमात भर घातली: डबल प्ले मोडण्यासाठी मुद्दाम आड आलं तर रनर बाद आणि बॅटरही बाद. जो हेतू १८८० मध्ये बाजूला ठेवला होता, तो १९५७ मध्ये परत आणावा लागला. होकने जे केलं ते तेव्हाच्या नियमांत बसत होतं हे मला मान्य आहे. तरी मला ते आवडत नाही. तो चेंडू समोर वाकून उभ्या असलेल्या माणसाचा होता.

आमच्याकडे खरी पंचाईत क्रिकेटने होते. घरात भाऊ, काका, टीव्ही, सगळीकडे क्रिकेट. क्रिकेटमध्ये सरळ मारलेला चेंडू नॉनस्ट्रायकरच्या बुटावर आदळून थांबला तर कुणी बाद होत नाही, खेळ चालूच राहतो. गोलंदाज हळहळतो आणि वळून जातो. बाद व्हायला तिथे मुद्दाम अडवलं पाहिजे. इंग्लंडचा लेन हटन १९५१ मध्ये ओव्हलवर दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तसा बाद दिला गेला. आपला मोहिंदर अमरनाथ १९८९ मध्ये अहमदाबादला श्रीलंकेविरुद्ध, चेंडूला लाथ मारल्याबद्दल. क्रिकेटने आजवर हेतू सोडलेला नाही, आणि त्याला ते परवडतं, कारण तिथे नॉनस्ट्रायकर एका कडेला उभा असतो. बेसबॉलमध्ये रनरची वाट क्षेत्ररक्षकांच्या मधूनच जाते. शॉर्टस्टॉपच्या पुढून, नाहीतर मागून. तिथे दर चेंडूला हेतू तपासत बसलं तर पंचाला सामना संपवता येणार नाही.

बेसबॉल, सॉफ्टबॉल हे खेळ भारतात आले ते मुख्यतः शिक्षकांच्या हातून. हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला वायएमसीएचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढलं. अमेरिकन मैदानी खेळांची शिस्त तिथून देशभर गेली. सॉफ्टबॉलचा जन्म १८८७ सालचा, शिकागोतला. बॉक्सिंगचा हातमोजा बांधून केलेला चेंडू आणि झाडूचा दांडा घेऊन बंद दालनात तो पहिल्यांदा खेळला गेला. आपल्याकडे त्याची राष्ट्रीय संघटना १९६१ ची. मी तो शिकले अमरावतीला. रायपूरहून हावडा-मुंबई मार्गाने बडनेऱ्याला उतरायचं, पुढे अमरावती. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची १९१४ पासूनची परंपरा, वैद्य बंधूंनी उभी केलेली. त्यांच्या चमूने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे कबड्डी करून दाखवली होती. त्या गावात लाठी, मल्लखांब आणि सॉफ्टबॉलचा ग्लव्ह एकाच भिंतीला टांगलेले मी पाहिले आणि त्यात मला काही विजोड दिसलं नाही. महाराष्ट्रातल्या गावागावांत सॉफ्टबॉल रुजला तो असा, व्यायामशाळेच्या दारातून. तिथल्या बुजुर्ग शिक्षकांचा आग्रह असे: नियम पाठ करू नका, तो कुणाचं रक्षण करतो ते सांगा. मी परतताना तेवढं घेऊन आले.

सॉफ्टबॉल आणि बेसबॉल यांच्यात या बाबतीत एक फरक आहे, तो आता आमच्या मुलींना नव्याने शिकावा लागतो. सॉफ्टबॉलमध्ये बेस ६० फुटांवर, आणि पिचरच्या हातून चेंडू सुटेपर्यंत रनरने बेस सोडायचा नाही. म्हणून तिथे नियम उदार आहे. रनर बेसला चिकटून उभी असेल आणि टोलवलेला चेंडू तिला लागला, तर ती बाद नाही, मुद्दाम आड आली नसेल तर. नियमानेच तिला तिथे बांधून ठेवलंय, मग तिथेच तिला दोष कसा देणार? बेसबॉलमध्ये बेस ९० फुटांवर आणि रनरला आधीच पुढे सरकून उभं राहायची मोकळीक. ज्याला हलायची मोकळीक, त्याने वाटही द्यावी. म्हणून बेसबॉलमध्ये पाय बेसवर असतानाही चेंडू लागला तर रनर बाद. अपवाद एकच, इनफिल्ड फ्लायचा, म्हणजे इनफिल्डमधल्या सोप्या उंच झेलाचा: तो पंचाने जाहीर केलेला असेल आणि रनर बेसवरच असेल, तर बॅटर बाद, रनर सुरक्षित.

शालेय राष्ट्रीय स्पर्धांत आता दोन्ही खेळ आहेत, मुलींनाही बेसबॉल आहे, आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये बेसबॉल, सॉफ्टबॉल दोन्ही परत येत आहेत. सॉफ्टबॉल खेळून तयार झालेली आमची मुलगी बेसबॉलच्या मैदानावर उतरते, दुसऱ्या बेसवर पाय घट्ट रोवून उभी राहते, आणि तिला वाटतं आपण सुरक्षित आहोत. समोरून चेंडू येतो. आजही सकाळी मैदानावर बोलावतात तेव्हा मी नव्या मुलींकडून पहिल्यांदा हेच करून घेते: बेसवरून उडी मारायची, चेंडू पायाखालून जाऊ द्यायचा, मागे शॉर्टस्टॉपला तो उचलू द्यायचा, आणि मग पळायचं.